पाभरीच्या वाटेतले अंडे

आमच्या गावाला डोंगर नाही, दाट रान नाही, की धबधबा नाही. पाहुणा आला तर त्याला कौतुकाने दाखवावे असे आपल्याकडे काहीच नाही, असे मला लहानपणी वाटत असे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला श्रीगोंदा तालुका आहे. त्याच्या एका अंगाने भीमा नदी वाहते. नदीकाठची काळी जमीन मागे टाकून वर आले, की माळ सुरू होतो. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि आमच्या वाट्याला नुसती त्यांची सावली येते, असे आजोबा म्हणत. अशा कोरड्या मुलखातला तो माळ. मैलोगणती पसरलेला, मुरमाड, मधूनच एखादी बोर किंवा हिवर उभी असलेला.

परक्या माणसाला तो ओसाड वाटे. आमच्या घराला मात्र तो ओसाड वाटणे शक्य नव्हते. कारण आमचे निम्मे पोट त्याच्यावर चाले. आषाढात माळ पोपटी होई आणि दसऱ्यापर्यंत गवत गुडघ्याला लागे. ते कापून त्याच्या गंजी रचल्या, की बैलांची उन्हाळ्याची काळजी मिटे. हिवाळ्यात आम्ही मुले बोरे वेचून बाजाराला नेत असू. धनगरांचे वाडे माळावर उतरत. दिवसभर त्यांची मेंढरे माळावर चरत आणि रात्री आमच्या शेतात बसत. मेंढरे बसलेल्या शेताला निराळे खत लागत नसे. त्याबद्दल आजोबा धनगरांना ज्वारी मापून देत. एखाद्या रात्री लांडगा येऊन कोकरू उचलून नेई. तेव्हा त्यांच्यातील म्हातारे तात्या हळहळत आणि लगेच म्हणत, “त्याचाबी वाटा हाय या माळात.”

या माळाचा आणखी एक वाटेकरी होता. त्याची गोष्ट आजोबांनी मला इतक्या वेळा सांगितली होती, की ती मी स्वतः पाहिली असावी असे मला अजूनही वाटते.

आजोबा तेव्हा पंचविशीत होते. मृगाचा पाऊस चांगला झाला होता आणि माळाच्या कडेच्या तुकड्यात बाजरीची पेरणी चालू होती. आजोबा पाभर हाकीत होते आणि आजी चाड्यावर मूठ धरून मागून चालत होती. एकाएकी बैल बुजले. समोरून एक भला मोठा पक्षी उठला. उंचीला मीटरभर, मान पांढुरकी, पाठ तपकिरी, डोक्यावर काळी टोपी. पंख पसरून तो जड अंगाने उडाला आणि थोड्या अंतरावर उतरून उभा राहिला. तो माळढोक होता. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक; नराचे वजन पंधरा किलोंपर्यंत भरते. आजोबांनी पाभर थांबवून पाहिले, तर बैलांच्या पायांपासून दोन हातांवर, उघड्या जमिनीवर, हिरवट तपकिरी रंगाचे एकच अंडे पडले होते. काडी नाही, घरटे नाही.

“मग तुम्ही काय केलंत, आबा?” हा प्रश्न मी दर वेळी विचारी, कारण उत्तर मला पाठ होते.

“काय करणार? पाभर उचलून बाजूला घेतली. चार काकऱ्या सोडल्या. तुझी आजी म्हणाली, बाळंतिणीच्या दारातून बैल नेऊ नये.”

पुढे जवळजवळ महिनाभर त्या बाजूला कोळपे गेले नाही. मादी एकटीच अंडे उबवीत होती. नाकतोडे आणि भुंगेरे टिपायला ती थोडी दूर जाई आणि परत येई. सुमारे सत्तावीस दिवसांनी पिलू बाहेर पडले आणि आईमागून गवतात दिसेनासे झाले. त्या वर्षी चार काकऱ्यांची बाजरी कमी आली. “किती तोटा झाला?” असे मी विचारले, की आजोबा ओंजळ पुढे करीत. “अशा पाच-सहा ओंजळी. तेवढ्याने घर बुडत नाही.”

माळढोक माझ्या मनात असा आला होता. म्हणूनच पुढे जे घडले त्याने मी गोंधळून गेलो.

मी बारा वर्षांचा होतो. लागोपाठ दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली होती. माझी थोरली बहीण, अक्का, बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. शिक्षिका व्हावे अशी तिची फार इच्छा होती आणि अध्यापक विद्यालयात तिला जागाही मिळाली होती. परंतु शुल्क, राहणे, जेवण यांसाठी पैसे कोठून आणावेत? अण्णांनी पुष्कळ विचार केला आणि माळाकडची दोन एकर जमीन विकायचे ठरविले. शेजारच्या गावच्या एका गृहस्थांना कोंबड्या पाळण्यासाठी तेथे शेड घालायची होती. बोलणी झाली, इसार मिळाला. अक्काने ट्रंक झाडूनपुसून ठेवली.

आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले. त्यांच्या हातात आमच्या जमिनीचा सातबारा उतारा होता. त्यातील एका रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “अण्णा, हे काय आहे?” तेथे माळढोक अभयारण्याची नोंद होती.

अण्णांना अभयारण्याचे नाव ठाऊक होते. पण ते दूर सोलापूरकडे कोठेतरी असेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कचेरीत खेटे घातले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एका गावाहून दुसऱ्या गावाला. कोणी म्हणे, अशा जमिनीवर नवे हक्क निर्माण करता येत नाहीत. वारसाने बापाची जमीन मुलाकडे जाईल, पण खरेदीखत होणार नाही. कोणी म्हणे, अर्ज करा. कोणी म्हणे, पुढच्या महिन्यात या. महिना उलटला आणि विद्यालयाची मुदत संपली. इसार परत गेला. अक्काने ट्रंकेतील कपडे काढून पुन्हा फळीवर ठेवले. ती रडली नाही. पण त्या दिवसापासून कित्येक दिवस ती माझ्याशी हसून बोलली नाही.

मला मात्र संताप आवरेना. मी आजोबांना म्हणालो, “आबा, तुमचा तो माळढोक मला दिसला ना, तर मी त्याला गोफणीने मारीन.”

आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठविले आणि घोंगडी खांद्यावर टाकून माळाकडे नेले. ज्या तुकड्यात त्यांनी पाभर उचलली होती, त्याच्या बांधावर आम्ही बसलो. तांबडे फुटले. चंडोल गाऊ लागले. दूरवर एक खोकड पळत गेले. ऊन चढले तरी आम्ही बसून होतो.

“कोठे आहे तुमचा पक्षी?” मी विचारले.

“नाही,” आजोबा म्हणाले. “वीस वर्षं झाली, मलाही दिसला नाही. कागदावर पाखरू आलं आणि माळावरून गेलं.” मग थोड्या वेळाने ते म्हणाले, “पोरा, गोफण कोणावर उगारतोस? कागद माणसांनी लिहिला. पाखराला कुठं लिहिता येतं?”

पुढल्या वर्षी अण्णांनी बैलांची जोडी विकली आणि अक्का विद्यालयात गेली. दोन हंगाम आमची शेती शेजाऱ्यांच्या बैलांवर, सावडीने झाली. घरात बैल नसलेला पोळा मी प्रथमच पाहिला. आजोबांनी त्या दिवशी रिकाम्या गोठ्यात दिवा लावला होता.

मोठेपणी या सगळ्याचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न केला. तेव्हा मला प्रथम हे कळले, की तो कागद कोणी वाईट बुद्धीने लिहिला नव्हता. माळढोक एकेकाळी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या माळरानांवर आढळत असे. बंदुका आल्या आणि शिकारी मोटारीत बसून त्याच्या मागे धावू लागले. एवढा मोठा पक्षी, उघड्या माळावर राहणारा. त्याला लपायला जागा नव्हती. वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची संख्या एकदा घटली, की ती सहज भरून येत नाही. थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांना तर माळढोक हाच भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि माळढोकाच्या शिकारीला बंदी आली. त्याच सुमारास सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे पक्षिप्रेमींनी सर्वांच्या नजरेस आणले, आणि १९७९ साली महाराष्ट्र शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले. कायदा झाला नसता, तर उरलेले पक्षी बंदुकीने संपविले असते, हे कबूल केले पाहिजे.

परंतु त्या अभयारण्याची सीमा फार मोठी आखली गेली. सोलापूर व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश तीत आला. म्हणजे जवळजवळ आमच्या निम्म्या जिल्ह्याएवढा! त्यात श्रीगोंदा होते, कर्जत होते, करमाळा आणि माढा होते. शेकडो गावे, शेते, विहिरी, बाजारपेठा आणि रस्ते होते. यांतील बहुतेक जमीन शासनाची नव्हतीच. ती शेतकऱ्यांची होती. जेथे माळढोक होता तेथेही तीच रेघ, आणि जेथे तो कधी उतरला नसेल तेथेही तीच. जमीन विकणे, शेड घालणे, मुरूम काढणे, कारखाना उभारणे, प्रत्येक ठिकाणी त्या रेघेची अडचण येऊ लागली. शेवटी २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान तेहतीस वर्षे लोटली होती.

या तेहतीस वर्षांत माळढोकाचे काय झाले? खरेदीखते अडली, पण माळ तुटायचा थांबला नाही. ज्याची जमीन त्याने नांगरली. आमच्या तालुक्यात कुकडीच्या कालव्याचे पाणी आले. जेथे गवत होते तेथे ऊस उभा राहिला, लिंबाच्या बागा झाल्या. लोकांच्या दृष्टीने ते पाणी अमृतासारखे होते, आणि त्यांना दोष कोण देईल? पण माळढोकाला उंच उसात राहता येत नाही. त्याला दूरवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो. किडे मारण्यासाठी फवारलेल्या औषधांनी त्याचे अन्न नाहीसे केले. विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे चटकन वळताही येत नाही. त्यामुळे तो तारांवर आदळतो. राजस्थानात, जेथे आज बहुतेक माळढोक उरले आहेत, तेथेही तारा हे त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले आहे. आता साऱ्या जगात मिळून या पक्ष्याची संख्या दीडशेच्या आसपास समजली जाते. सातबाऱ्यावरच्या नोंदीने यांतील काहीच अडविले नाही. तिने अडविली ती अक्काची वाट.

हे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. राजस्थानातील भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य जगप्रसिद्ध आहे. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आसपासच्या गावांतील म्हशींना तेथे चरण्यास मनाई करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारे लोक खवळले, गोळीबार झाला आणि काही माणसे प्राणास मुकली. पुढे अभ्यासकांना असे आढळले, की म्हशी चरेनाशा झाल्यामुळे पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि पक्ष्यांनाच मोकळे पाणी मिळेना. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले, ती गुरे नकळत पक्ष्यांचे काम करीत होती! हे वाचले तेव्हा मला धनगरांचे तात्या आठवले. “त्याचाबी वाटा हाय,” म्हणणारा माणूस माळाचा शत्रू कसा असेल?

आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. ते १९८० साली झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. तेथे काळविटे वाढली. पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण काळविटांना सीमेची रेघ वाचता येत नाही. रात्री ती बाहेरच्या ज्वारीत शिरतात. पहाटे शेतकरी शेतावर येतो, तो त्याला खुडलेली रोपे दिसतात. पीक गेले तर शासन भरपाई देते. मात्र ती वेळेवर हाती पडली, तरच त्या शेतकऱ्याच्या मनात काळविटाविषयी माया टिकते. वन्य प्राण्याचे रक्षण अखेर त्याच्या शेजाऱ्याच्या मनात होत असते, हे रेहेकुरीच्या बांधावर उभे राहिले की कळते.

अलीकडे एक चांगली गोष्ट माझ्या पाहण्यात आली. भीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथील माळांवर वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. लांडगे, खोकड, चिंकारा पाहायला लोक शहरातून येतात आणि गावातील तरुण त्यांना वाट दाखवितात. ज्या माळाला सारे पडीक म्हणत, त्या माळाचे दोन पैसे माळाच्याच माणसाला मिळू लागले आहेत. हा मार्ग लहान आहे. पण पाभर बाजूला घेणाऱ्याच्या ओंजळीत काहीतरी परत घालणारा आहे.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेलो होतो. अक्काही आली होती. ती शिक्षिका झाली आणि आजवर तिने शेकडो मुलांना शिकविले आहे. संध्याकाळी आम्ही दोघे माळाकडच्या त्या दोन एकरांवर गेलो. ती जमीन अजून आमचीच आहे. चोहीकडे ऊस आहे आणि मध्ये आमचे गवत. पिकलेल्या गवताचे कुसळ पायांना टोचत होते.

“बरं झालं का गं विकली नाही ते?” मी विचारले.

ती पुष्कळ वेळ गवताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “गवत राहिलं, हे बरंच झालं. पण आबांनी चार काकऱ्या सोडल्या, त्या त्यांनी आपल्या हातानं सोडल्या होत्या. माझं एक वर्ष गेलं, ते मला कुणी विचारून घेतलं नाही. मला विचारलं असतं, तर मी कदाचित दिलंही असतं. पण त्याच्या बदल्यात अण्णांचे बैल गोठ्यात राहतील एवढं तरी कुणी पाहायला हवं होतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशोब मात्र होता, आणि तो बरोबर होता.

माळढोक वाचला पाहिजे. तो गेला, तर आपल्या माळाचा एक जुना वाटेकरी कायमचा जाईल आणि कितीही पैसे मोजले तरी तो परत येणार नाही. पण त्याला वाचविण्याचे मोल साऱ्या देशाचे आहे; ते माळावरच्या एका घराने एकट्याने का भरावे? आजोबांना अंडे कोठे आहे हे ठाऊक होते, म्हणून त्यांचे काम चार काकऱ्यांत भागले. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांनी निम्म्या जिल्ह्याएवढी रेघ ओढली. त्यांनी रेघ ओढण्यापूर्वी एखाद्या पहाटे बांधावर येऊन आजोबांना विचारले असते, तर आजोबांनी आनंदाने बोट दाखवून सांगितले असते, “इथं. एवढंच. इथून पाभर जाऊ देऊ नका.”